जुनं माळवद उतरवून त्याच सामानात नवं घर: पाया, भिंत, छत याबद्दल माहिती हवी

तेरणाकाठ

औसा-उमरगा पट्ट्यातलं गाव आहे. तीस बाय चाळीसची जागा, लांब बाजू पूर्व-पश्चिम. वर चार फूट काळी, त्याखाली मुरूम. त्याच जागेत जुनं पाच खणांचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे, ते आता उतरवायचं आहे. त्यातून काळा दगड वीसेक ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघेल. शिवाय सागाच्या दोन तुळया, बरेचसे सर (तुळयांवरची आडवी लाकडं) आणि छतावरची पांढरी माती आहे.

नवं घर एकमजली, सातशे चौरस फुटांच्या आसपास. एसी न लावता एप्रिल-मे निघाला पाहिजे. कूलरलाही पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आहेच. सगळं सिमेंट-सळईत केलं की भट्टी होते, हे गावात रोज दिसतं. जैसलमेरकडच्या मातीच्या आणि दगडी घरांचे फोटो पाहिले, ते तसंच्या तसं इथं करता येईल का?

विचारायचं ते असं. जुना दगड पुन्हा भिंतीत वापरावा का? पांढऱ्या मातीच्या दाबलेल्या विटा होतील का? छत पुन्हा माळवदाचंच करावं की दुसरं काही? आणि गिलावा कशाचा? ज्यांनी हे काम हाताळलं आहे त्यांनी मापांसकट सांगावं, ही विनंती.

ओळंबा

आधी जैसलमेरचं बोलू. तिथं वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडं सातशे-आठशे, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथं उघडी मातीची भिंत वर्षानुवर्षं उभी राहते, इथं दोन-तीन पावसाळ्यांत तिची धूप होते. तिथं पायाखाली वाळू किंवा खडक, इथं काळी. त्यामुळं घ्यायचं ते एवढंच: जड भिंत, कमी आणि लहान झरोके, सावलीचा चौक, दिवसा बंद आणि रात्री उघडं घर. हे सगळं आपल्या वाड्यांत होतंच.

आता पाया. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेली भिंत दरवर्षी वर-खाली होणार, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाणार. तुमच्याकडं मुरूम चार फुटांवर आहे, हे नशीबच म्हणा. चर साडेचार-पाच फूट घ्या, म्हणजे किमान सहा इंच कोऱ्या मुरमात बसेल. (काळी दहा-बारा फूट असती तर हा सल्ला चालला नसता, तिथं खाली फुगा असलेले पाइल घ्यावे लागतात.) चरातून निघालेली काळी परत पायाच्या कडेला भरू नका. इथंच निम्मी घरं फसतात. ती शेतात टाका आणि कडेला मुरूम भरा. जोत्याच्या आतली काळीही दोन फूट काढून टाका. मग सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरून, पाणी मारून धुमसानं ठोका. एकदम दोन फूट भरून वरून ठोकलं तर वरचे सहा इंचच बसतात, आणि फरशी वर्षभरात खचते. घराभोवती चार फुटांची फरशीची पट्टी बाहेर उतार देऊन करा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरणार नाही. वड-पिंपळ, निलगिरी घरापासून लांब. मोठं झाड काळीतलं पाणी ओढतं आणि त्या बाजूची भिंत खचते.

दगडाचं सांगताना ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुमचं गाव त्याच पट्ट्यात आहे. त्या आधी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जायचा, २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. घरं पडली ती दगडामुळं नाही, दगड रचण्याच्या पद्धतीमुळं. दोन-अडीच फूट जाड भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन वेगळ्या भिंती असायच्या, एक आतली, एक बाहेरची, आणि मध्ये गोट्यांची आणि मातीची भर. दोन्हींना सांधणारा दगड नाही. हादरा बसला की मधली भर खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही बाजूंना दाबते, आणि भिंत फुगून उभीच्या उभी फाटते.

म्हणून तुमचा दगड वापरा, पण जोत्यापर्यंत आणि फार तर खिडकीच्या तळापर्यंत. जाडी पंधरा इंच, अठराच्या वर नको. सिमेंट-वाळू १:६. गोल गोटे बाजूला काढा, निदान दोन बाजू घडवलेले दगडच घ्या. दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला एक आरपार दगड, म्हणजे मिस्त्री ज्याला हेडर म्हणतात तो. पंधरा इंच लांबीचा दगड मिळाला नाही तर त्या जागी काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात एक सळई घाला, चालतो. आणि जुन्या दगडाला चिकटलेली माती तारेच्या ब्रशनं घासून धुऊन काढा. ती राहिली तर सिमेंट दगडाला धरत नाही, फक्त मातीला धरतं.

त्यावर काँक्रीटचे तीन पट्टे: जोत्याला, लिंटलला (खिडकी-दारांच्या वर) आणि छताखाली. सहा इंच जाड, भिंतीच्या रुंदीचे, चार दहा मिमी सळया, सहा मिमीच्या रिंगा सहा इंचांवर. सळई कोपऱ्यात संपवायची नाही. वाकवून पुढच्या भिंतीत दीड-दोन फूट न्यायची. कोपऱ्यात संपलेली सळई म्हणजे कोपरा बांधलेलाच नाही. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून छताच्या पट्ट्यापर्यंत एक बारा मिमी सळई उभी. खिडकी-दार कोपऱ्यापासून दोन फूट आत, आणि एका भिंतीतल्या सगळ्या उघड्या जागांची रुंदी मिळून भिंतीच्या निम्म्याहून कमी. आडव्या भिंतीचा आधार नसलेली सलग लांबी सोळा फुटांच्या वर नको.

पांढरीची_माती

ओळंबा यांनी दगड खिडकीच्या तळापर्यंत ठेवला, ते पटलं. वरची भिंत दाबलेल्या मातीच्या ब्लॉकची करा. पण पांढरीचे ब्लॉक नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची माती: राख, शेण, पडक्या भिंती. ती फुगत नाही, म्हणूनच माळवदाला वापरली जायची. पण तिच्यात बहुधा खार असतो. ब्लॉकमध्ये तो दरवर्षी ओलाव्याबरोबर बाहेर येतो, भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पापुद्र्यानं सुटतो. तपासायला सोपं आहे. बादलीभर पाण्यात दोन किलो माती ढवळा, रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी काळ्या ताटलीत वाळू द्या. कडेला पांढरी रेघ उरली तर खार आहे.

आणखी एक मनापासून सांगणं. आपल्या घरची उतरवलेली माती वापरा, पण कमी पडली म्हणून गढी किंवा गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड खोदू नका. तेरला असंच टेकाड आहे, आणि ते जुनं तगर, सातवाहनांच्या काळातलं बाजारगाव. खापराचे तुकडे, मणी, मोठ्या विटा लागल्या तर फावडं तिथंच थांबवा.

ब्लॉकसाठी काळीखालची मुरमाड माती बघा. दोन परीक्षा करून इथं आकडे टाका. पहिली बाटलीची: सरळ उभी काचेची बरणी एक तृतीयांश मातीनं भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि सपाट जागी ठेवा. मिनिटाभरात तळाला बसते ती वाळू, तासाभरात बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वर साय धरल्यासारखी बसते ती चिकण. तिन्हींची उंची पट्टीनं मोजा. दुसरी खोक्याची: आतून ६० × ४ × ४ सेंटिमीटरचा लाकडी खोका, आतून तेल लावलेला. माती चपातीच्या कणकेइतकी ओली करून दाबून भरा, सावलीत आठवडाभर वाळवा. मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवा आणि दुसऱ्या टोकाला किती मिलिमीटर फट राहिली ते सांगा.

तेरणाकाठ

दोन्ही परीक्षा केल्या. मुरमाड माती, पाच फुटांवरची: बरणीत वाळू ४ सेंमी, गाळ ३, चिकण २. खोक्यात फट २८ मिमी. पांढरीच्या पाण्याची ताटली वाळल्यावर कडेला स्पष्ट पांढरी कड आली. म्हणजे तुमचं म्हणणं खरं निघालं. काळीचीही खोक्यात बघितली, ती ५० मिमीच्या वर आकसली आणि तिचे सात तुकडे झाले.

पांढरीची_माती

काळी बाजूलाच ठेवा. तिला सिमेंट कितीही घातलं तरी ती ऐकत नाही. तिला सुधारायचं तर चुना लागतो, आणि त्यापेक्षा खालची माती बरी.

तुमच्या मुरमाडीत वाळू सुमारे ४४ टक्के, गाळ ३३, चिकण २२. सिमेंटच्या ब्लॉकला चिकण पंधराच्या आसपास हवी, वाळू-खडा साठ-पासष्ट. दोन पाट्या मातीला एक पाटी खडीच्या क्रशरवरची बारीक कच घाला. हिशेब करा: वाळू ६३ टक्क्यांच्या जवळ जाते, चिकण १५ वर येते. याच मिश्रणाची खोक्याची परीक्षा पुन्हा घ्या. फट १२ मिमीच्या आत आली तर एक पाटी सिमेंटला अठरा पाट्या मिश्रण, १२ ते २४ मध्ये आली तर सोळा. २५ च्या वर गेली तर सिमेंट वाढवत बसू नका, कच वाढवा. ती स्वस्त आहे.

माती पाच-सहा मिमीच्या चाळणीतून काढा. आधी कोरडं मिश्रण रंग एकसारखा होईपर्यंत पालटा, पाणी झारीनं शिंपडत द्या. ओल बरोबर आहे का ते असं बघा: मूठभर दाबून लाडू करा आणि छातीइतक्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. चापट बसला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. पाणी घातलेलं मिश्रण अर्ध्या तासात यंत्रात गेलं पाहिजे. सगळा ढीग सकाळी भिजवून दुपारपर्यंत दाबत बसलात तर दुपारचे ब्लॉक सकाळच्यापेक्षा कच्चे निघतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, पावसातच कळतं.

२४ × २४ × ९ सेंमीचा ब्लॉक धरला तर चौरस मीटरला चाळीस लागतात. तुमच्या घराला खिडकीच्या तळापासून वर सुमारे ८३ चौरस मीटर भिंत येईल, म्हणजे ३३०० ब्लॉक. सहा टक्के सिमेंटनं गोणीमागं ८५-९० ब्लॉक निघतात. फूटतूट धरून चाळीस गोण्या. माती साडेपाच-सहा ब्रास, कच तीन ब्रास.

दाबलेला ब्लॉक पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली ठेवा, मग पोत्याखाली अठ्ठावीस दिवस ओला. पोतं सतत ओलं असलं तर पाणी कमी लागतं, उघड्यावर पाइपनं मारलं तर निम्मं उडून जातं. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीतच करा. विहिरीला पाणी असतं आणि ऊन ब्लॉकचं पाणी ओढत नाही. शेवटी एक ब्लॉक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि नखानं कड खरवडा. माती हाताला आली तर ती खेप भिंतीत घालू नका, आतल्या ओट्याला वापरा.

साणं

भिंतीचं नीट झालं, आता छत. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळं छतावर पडतं. एकमजली घरात गारवा टिकतो तो छतावर, आणि जातोही छतातूनच. पाच इंची उघडा स्लॅब सकाळपासून उष्णता पितो, चार तासांत ती खाली यायला लागते, आणि रात्री अकरापर्यंत स्लॅबची खालची बाजू हाताला कोमट लागते.

माळवद गार असायचं ते फूटभर मातीमुळं. खाली तुळया, त्यावर सर, सरांवर लाकडाच्या पट्ट्या, मग निंबाचा पाला किंवा तुऱ्हाट्या, वर पांढरी. पण वजन करून बघा. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी वर नव्या मातीचा हात फिरवायचा, जुनी कुणी काढत नसे. दोन पिढ्यांत फुटाचे दोन फूट व्हायचे. किल्लारीत पहाटे चारच्या सुमाराला लोक याच ओझ्याखाली झोपलेले होते. म्हणून मातीचं छत पुन्हा फूटभर जाडीचं करू नका, कुणी कितीही गारव्याचं सांगितलं तरी.

आपल्या भागाला जमणारं आणि गवंड्यांना येणारं छत म्हणजे गर्डर-फरशी. शहाबाद इथून लांब नाही. दहा फुटांच्या गाळ्याला चार इंची आय गर्डर, दोन-दोन फुटांवर. त्यांच्या खालच्या ओठांवर दीड-दोन इंच जाड शहाबादी. वर सहा मिमी सळईची सहा-सहा इंचांची जाळी टाकून अडीच-तीन इंच काँक्रीट. ही जाळी वाचवू नका. तिच्याविना प्रत्येक फरशी सुटी असते आणि हादऱ्यात एकेक खाली येते. गर्डरची टोकं भिंतीवर नुसती ठेवायची नाहीत. छताच्या पट्ट्यातून सळई वर काढून गर्डरला वेल्ड करायची किंवा काँक्रीटमध्ये गाडायची. अंतिम माप तुमच्या इंजिनिअरकडून तपासून घ्या, गाळा बारा फुटांचा झाला की गर्डर बदलतो.

उष्णता अडवण्याचं काम या फरशीचं नाही, तिच्या वरच्या थराचं आहे. काँक्रीटवर डांबराचा एक हात, मग कुंभाराकडची लहान मडकी पालथी, एकमेकांना चिकटवून. मधल्या फटी चुना-विटकरीच्या (विटकर म्हणजे विटेची भुकटी) मालानं भरायच्या, वर दीड-दोन इंच तोच माल, आणि शेवटी फुटक्या पांढऱ्या टाइल्स. मडक्यातली कोंडलेली हवा उष्णता अडवते आणि वजनही कमी राहतं. मडकी चार-पाच इंचांपेक्षा मोठी नकोत, पाय पडला की मोठं मडकं फुटतं आणि तिथंच पाणी मुरतं. मडकी मिळाली नाहीत तर विटांच्या तुकड्यांचा चार इंच कोबा करा. त्याचा उपयोग मडक्यांपेक्षा कमी, पण उघड्या स्लॅबपेक्षा खूप चांगला. उतार चाळीस फुटांना एक फूट, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. पाणी तुंबलेलं छत कोणत्याही थरानं वाचत नाही.

टाइल्सऐवजी चुन्याची सफेदी केली तरी ऊन परतवण्याचं काम होतं, पण आपल्याकडची धूळ दोन महिन्यांत ती राखाडी करते. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी छत धुऊन नवा हात द्यावा लागतो.

तुमच्या सागाच्या तुळया वाया घालवू नका. ओसरीला वापरा. पण खांबाखाली घडीव दगडाची बैठक हवी, लाकूड थेट जमिनीला लागलं की वाळवी तिथूनच चढते. आणि जुन्या माळवदाला असायचं तसं साणं, म्हणजे छतातला झरोका ठेवा: दीड फूट चौकोनी, कडा छतापासून नऊ इंच उचललेल्या, वर चार बोटं उंच टेकवलेलं झाकण आणि खाली जाळी. रात्री तापलेली हवा तिथून जाते आणि खालच्या खिडकीतून गार आत येते.

चुना_विटकर

गिलाव्याचं सांगतो. मातीच्या ब्लॉकला आणि मातीत रचलेल्या भिंतीला सिमेंटचा कडक गिलावा मारू नका. भिंतीतली ओल बाहेर निघायला वाट हवी. सिमेंट ती अडवतं, ओल मागं साचते आणि दोन-तीन पावसाळ्यांनी अख्खा पापुद्रा सुटतो. माणसं म्हणतात माती कच्ची होती. चूक वरच्या थराची असते.

बाहेरून चुना. कळीचा चुना आणून खड्ड्यात भिजवा, वर सतत बोटभर पाणी ठेवून किमान पंधरा दिवस, महिना झाला तर उत्तम. घाईत भिजवलेल्या चुन्यात न विरलेल्या कणी राहतात. त्या गिलाव्यात गेल्यावर ओल धरून फुगतात आणि भिंतीवर नाण्याएवढे खड्डे उडतात. असे खड्डे दिसले तर समजा चुना कच्चा होता, चाळणीही घातली नव्हती. माल: एक भाग चुना, एक भाग विटकर, दोन भाग वाळू. विटकर चांगल्या भाजलेल्या विटेचीच. अर्धकच्च्या विटेच्या भुकटीत गिलावा धरत नाही. अंबाडीचा धागा बोटभर कापून घाला, चिरा अडतात. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत, म्हणजे ही युक्ती आपल्या मातीत फार जुनी आहे. गूळ-हिरड्याचं पाणी घालणारे कारागीर अजून आहेत. गूळ बेताचा असू द्या, जास्त झाला तर माल आवळत नाही आणि मुंग्या लागतात.

दोन हात करा, प्रत्येक अर्ध्या इंचाच्या आत. भिंत आधी चांगली भिजवा. पहिला हात ओला असतानाच कर्णीनं खरवडून ठेवा, दुसरा आठवड्यानं. त्यानंतर दहा-पंधरा दिवस ओलं पोतं किंवा सकाळ-संध्याकाळ फवारा. चुना हवेतून आवळतो, त्याला वेळ लागतो. मार्चच्या उन्हात लावून सोडून दिला तर बोटानं घासला तरी पीठ हाताला येतं.

आतून मातीचा गिलावा पुरे. एक भाग चाळलेली मुरमाड, दोन भाग वाळू, गव्हाचं भुसकट मूठमूठ, आठ-दहा दिवस कुजवायचं, रोज तुडवायचं. वास सुटला की तयार समजा. तुमची पांढरी इथंही नको, खार येईल. ती अंगणात आणि बागेच्या बांधाला घाला.

ओळंबा

खिडक्यांचं राहिलं. तुमची लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे लांब भिंती दक्षिणेला आणि उत्तरेला. हे फार चांगलं. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीला दोन फुटांचा छज्जा टाका. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला लागणार नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो, तेव्हा खिडकीच्या खालच्या जवळजवळ निम्म्या भागातून ऊन आत येईल, आणि ते तेव्हा हवंच असतं.

पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही, ऊन आडवं येतं. पश्चिमेची भिंत दुपारी चारला सर्वांत जास्त तापते. नऊ-दहा इंचांच्या भिंतीतून ती उष्णता आत यायला सहा-सात तास लागतात, म्हणजे नेमकी अंथरूण टाकायच्या वेळी. जाडी दुप्पट केली तर ती पहाटे येते आणि तोवर तिचा जोर सरलेला असतो. पण जाडीचा खर्च करण्यापेक्षा तिला सावली द्या. न्हाणी, अडगळीची खोली, धान्याची कोठी पश्चिमेला टाका. जुन्या वाड्यांत भिंतीत धान्याचं बळद असायचं, त्याचा हाही एक फायदा होता. ओसरी पूर्वेला ठेवली तर दुपारनंतर बसायला सावली मिळते.

आणि घर वापरायची शिस्त. सकाळी नऊच्या आत सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. सूर्य बुडाल्यावर सगळं उघडं, साण्यासकट. एप्रिलात दिवसा चाळीस आणि पहाटे चोवीस-पंचवीस असतं. त्या पहाटेच्या हवेनं भिंती गार होतात, आणि ते गारपण दिवसभर पुरवायचं असतं. दुपारी वारा येईल म्हणून खिडकी उघडली की भिंतीत साठवलेलं सगळं तासाभरात जातं.

साणं

पाण्याचा हिशेब जोडतो. सातशे फुटांचं छत, सातशे मिमी पाऊस, गळती-उडणं वीस टक्के वजा, म्हणजे छत्तीस हजार लिटर. पन्हळीतून पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडा, त्यात धूळ आणि सफेदीचा चुना येतो. टाकी अंगणातल्या ओट्याखाली घेतली तर बसायची जागाही गार राहते. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पाणचक्कीत हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, आणि भर उन्हाळ्यातही तिथं गारवा असतो. फक्त टाकी पायाच्या चरापासून सहा फूट लांब घ्या आणि तिच्या भोवतीही मुरूमच भरा. टाकी झिरपली तर खालच्या काळीला बाराही महिने पाणी मिळतं, आणि मग एकाच कोपऱ्याची भिंत उचलते.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कच मिसळून खोक्याची परीक्षा पुन्हा घेतली, फट १४ मिमी आली. म्हणजे एकास सोळा. एकच राहिलं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला पत्र्याचं आहे, ते या वर्षी तसंच ठेवावं लागेल. त्याला काही करता येईल?

पांढरीची_माती

येईल. पत्र्याच्या खाली सहा इंच सोडून बांबूची किंवा तुऱ्हाट्यांची ताटी बांधा, आणि तिला खालून इंचभर माती-भुसकटाचा गिलावा द्या. दोन्ही टोकांना, पत्रा आणि ताटी यांच्यामधली फट जाळी लावून उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वाऱ्यानं बाहेर निघते. फट बंद केली तर काही उपयोग होत नाही. जाळी बारीक घ्या, विंचू आणि उंदीर तिथंच घर करतात. चुलीच्या वर तीन फुटांच्या आत ताटी नको. तेवढ्या भागाला शहाबादी फरशी लोखंडी पट्टीवर टांगा. पत्र्यावर वरून पांढरा रंग लावा, आणि पत्रे दगड ठेवून दाबलेले असतील तर ते दगड काढून आकडे-नट लावून घ्या. वावटळीत पहिला तोच दगड खाली येतो.